चंद्रावरचा डावा हात

शर्वरी मोहिते चंद्रावर एक बोल्ट सैल करत होती आणि त्याच वेळी कराडमध्ये तिच्या डाव्या खांद्यावर तिची तान्ही पोर ढेकर द्यावा की न द्यावा, याचा विचार करत होती.

बोल्ट महत्त्वाचा होताच, पण त्या घडीला ढेकर जास्त महत्त्वाचा होता. तो आला नाही तर ओवी भोकाड पसरणार, आणि तिने भोकाड पसरलं की मोहित्यांच्या दोन खोल्यांच्या घरात कुणाचंच काम व्हायचं नाही. म्हणून शर्वरीचा डावा तळवा पोरीची पाठ थोपटत होता. उजवा हात मात्र कोपरापर्यंत काळ्या हातमोज्यात होता आणि त्याची बोटं हवेत बारीक बारीक हलत होती.

मग डावा हातमोजा कुठे होता? तो ओजसच्या हातात होता. ओजस म्हणजे शर्वरीचा नवरा. घरी बसून एका विमा कंपनीसाठी लोकांचे दावे तपासणारा शांत माणूस. बायकोच्या खुर्चीला खुर्ची लावून तो बसला होता. डावा हात चंद्रावर, उजवा कीबोर्डवर आणि डोळे कुणाच्या तरी पुरात बुडालेल्या ट्रॅक्टरच्या फोटोवर.

"हं," शर्वरी म्हणाली.

ट्रॅक्टरवरची नजर न काढता ओजसने डावी मूठ आवळली. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ एका यंत्राच्या डाव्या पंजाने नळी घट्ट धरली आणि उजव्याने बोल्टाला शेवटचा पीळ दिला. बोल्ट सुटला. इकडे ओवीने ढेकर दिला. "झक्कास!" दोघं एकदमच ओरडली. ते बोल्टाला उद्देशून होतं की ढेकराला, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

तेवढ्यात नाशिकच्या नियंत्रण केंद्रातून इनामदार मॅडमचा फोन आला. फातिमा इनामदार या 'हिमखनी' मोहिमेच्या प्रमुख. बाईंचं बोलणं तोलूनमापून आणि कौतुक त्याहून तोलून. पण आज त्यांच्या आवाजातही उत्साह मावत नव्हता.

"शर्वरी, जमिनीत खोचलेली बर्फाची नळी तू काढायचीस. तुझ्या हाताची जुळणी सगळ्या चालकांमध्ये सरस आहे. बैठकीत दुसरं नावच निघालं नाही."

शर्वरीच्या अंगावर सर्रकन काटा आला. चंद्राच्या पोटातलं पहिलं पाणी! ऊन कधीच न पाहिलेल्या त्या खड्ड्यात माणूस जन्माला यायच्या कितीतरी आधीपासून गोठून पडलेलं पाणी, आणि ते वर काढणार कोण, तर ती!

"फक्त त्या दिवशी तुझ्या खोलीतला कॅमेरा चालू लागेल," मॅडम म्हणाल्या. "एरवी कायद्याने आम्हाला कुणाच्या घरात डोकावता येत नाही. पण हे सगळं जग बघणार आहे. चालेल ना?"

"चालेल काय मॅडम, पळेल!"

फोन ठेवून तिने ओवीला घेऊन एक गिरकी मारली. घरभर नाचायचंच तिच्या मनात होतं. पण ओजस हसत नव्हता. त्याने डावा हातमोजा काढला, टेबलावर ठेवला आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "आणि कॅमेऱ्यात मी कुठे बसायचं?"

शर्वरीची गिरकी तिथेच थांबली. हो म्हणताना नवऱ्याची आठवणच झाली नव्हती तिला. इतके दिवस तो डावा हात तिच्या शेजारी चालत होता, आणि तिला तो आपलाच वाटायला लागला होता.

हे हातमोज्यांचं प्रकरण जरा उलगडून सांगायला हवं. पृथ्वीवरून निघालेला संदेश चंद्रावर पोचायला सव्वा सेकंद लागतो आणि तिथलं चित्र इकडे यायला तेवढाच वेळ. म्हणजे आपण इथे बोट हलवलं तर तिथे ते हललेलं आपल्याला अडीच सेकंदांनी दिसणार. ऐकायला हे क्षुल्लक वाटतं. अडीच सेकंद जुनं चित्र बघत सुईत दोरा ओवून पाहा, म्हणजे नाकी नऊ येणं काय असतं ते कळेल. नळी हातातून निसटू लागली, तर आपल्याला कळेपर्यंत ती केव्हाच खाली गेलेली असते.

यावर शास्त्रज्ञांनी काढलेला तोडगा म्हणजे सावलीहात. चालकाचे हातमोजे महिनोन् महिने त्याच्या हाताची चाल शिकतात. तो कुठे दाबतो, कुठे कचरतो, नळी घसरली तर आधी कुठलं बोट पुढे करतो, हे सगळं. त्यातून त्या हाताची एक हुबेहूब नक्कल तयार होते आणि ती चंद्रावरच्या यंत्रात जाऊन बसते. काम ती नक्कलच करते, चालक करेल तसंच आणि त्याच्या जरा आधी. पाठोपाठ चालकाची खरी हालचाल येऊन पोचते. दोन्ही जुळल्या तर काम पुढे जातं. जुळल्या नाहीत तर काही मोडू नये म्हणून यंत्र जागच्या जागी थिजतं. ज्याची जुळणी जास्त, तो चालक मोठा. आणि तिकडच्या पंजावर जेवढा ताण येतो तेवढाच हातमोजा इथे हाताला देतो, त्यामुळे घरी बसून नळीचा भार मनगटात कळतो.

नियम एवढाच की दोन्ही हातमोजे एकाच माणसाने घालायचे. शर्वरीचाही तो मोडायचा विचार नव्हता. पण बाळंतपणाच्या रजेनंतर ती कामावर आली, नवा सावलीहात पहिल्यापासून शिकायला लागला आणि नेमकं तेव्हाच ओवीने ठरवलं की आपण झोपणार ती आईच्या डाव्या खांद्यावरच. पाळणा नको, आजी नको, बाबाही नको. एका दुपारी पोर रडून लालेलाल झाली होती, तिकडे यंत्राच्या पंजात नळी लटकत होती आणि शर्वरीच्या डोळ्यांत पाणी होतं. ओजस उठून आला आणि म्हणाला, "आण तो डावा इकडे. ती झोपेपर्यंत मी धरतो."

त्या एका दुपारचे महिने झाले. डाव्याला काय, नुसतं धरून तर ठेवायचं, असं दोघंही म्हणत. शर्वरीचा एक हात कामाला आणि एक पोरीला, ओजसचा एक बायकोला आणि एक विमा कंपनीला, असा मोहित्यांचा संसार चार हातांत वाटला गेला होता आणि खरं सांगायचं तर मजेत चालला होता. एका हाताने टाइप केलेले ओजसचे अहवाल उशिरा जात. "हल्ली तुम्ही मंदावलात," असं त्याच्या वरिष्ठांनी त्याला ऐकवलंही होतं. ते त्याने घरात सांगितलं, शर्वरीने हळहळून ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा डावा हातमोजा त्याच्याकडे सरकवला.

मॅडमचा फोन आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ओवीला खालच्या मजल्यावरच्या घाडगे काकूंकडे ठेवून शर्वरीने दोन्ही हातमोजे चढवले. सरावासाठी तिकडे एक रिकामी नळी होती. उजव्याने बोल्ट पकडला, डाव्याने नळी धरली आणि यंत्र थिजलं. तिने पुन्हा धरली. पुन्हा थिजलं.

"अगं, एकदम आवळायचं नाही," ओजस शेजारून म्हणाला. "आधी नुसतं टेकवायचं. मग तुझा अंदाज घ्यायचा. मग हळूहळू दाबायचं."

"माझा अंदाज मीच कसा घेऊ रे?"

दुपारपर्यंत धडपडूनही तिची जुळणी नवशिक्या चालकाइतकीच झाली. तिचं तर धाबंच दणाणलं. आणि मग तिने जी शक्कल काढली ती एवढ्या शिकलेल्या बाईला मुळीच शोभणारी नव्हती. टेबलावर जमिनीपर्यंत लोंबणारी चादर घालायची आणि डावा हातमोजा घेऊन ओजसने टेबलाखाली बसायचं! कॅमेऱ्यात शर्वरीचा डावा हात नुसताच चादरीआड गेलेला दिसेल. माइक चालू असणार, म्हणून 'हं' म्हणायचं नाही, त्याऐवजी पायाने ढोसायचं.

ओजस बिचारा बसलाही. शर्वरीने ढोसलं, त्याने धरलं, काम सुरू झालं. तेवढ्यात तिच्या घोट्याला डास चावला आणि पाय पायावर घासताना तो ओजसला लागला. ओजसला वाटलं, सोड म्हणते आहे. त्याने सोडलं. चंद्रावरची नळी धूळ उडवत आडवी झाली. दोघं इतकी हसली की काय पडलं ते बघायला काकू ओवीला कडेवर घेऊन जिना चढून आल्या.

"काही नाही काकू, चंद्रावर पडलं," शर्वरी म्हणाली.

"मग राहू दे गं बाई, तिथं कोण झाडायला जातंय," म्हणत काकू खाली गेल्या.

टेबलाखालून बाहेर येताना ओजसचं डोकं कडेला आपटलं. डोकं चोळत तो जमिनीवरच बसून राहिला. हसणं ओसरलं होतं.

"शर्वरी, मी नाही टेबलाखाली बसणार."

"एकदाच रे. माझ्यासाठी."

"इतके महिने दुसरं काय करतोय? चंद्रावर माझा हात आहे, पण मी नाही."

तो चिडून बोलला असता तर तिला भांडता आलं असतं. पण तो चिडला नव्हता, म्हणून तिला फारच लागलं. "खरं सांगितलं तर मला काढून टाकतील ओजस," ती म्हणाली. "आणि नळी दुसऱ्या कुणाला जाईल."

"कदाचित. सांगच असं मी म्हणत नाही. तू ठरव. मी फक्त लपून बसणार नाही."

शर्वरीने ठरवलं की स्वतःच शिकायचं. त्या आठवड्यात ती झपाटल्यासारखी डावा हात घोटत राहिली. पोळी डाव्याने लाटली, दार डाव्याने उघडलं, ओवीला काऊचिऊचा घास डाव्याने भरवला. जुळणी थोडी थोडी चढत गेली. ती पुरेशी आहे, असं तिने स्वतःला पटवलं. कारण नळी तिला हवीच होती, अगदी जिवापाड हवी होती, हे इथे लपवण्यात अर्थ नाही.

तो दिवस उजाडला. नेमका त्याच वेळी ओजसचा वार्षिक आढावा होता, म्हणून तो आतल्या खोलीत दार लावून वरिष्ठांपुढे पडद्यावर बसला होता. ओवी काकूंकडे होती. बाहेरच्या खोलीत कॅमेरा चालू झाला, शर्वरीने दोन्ही हातमोजे घातले आणि नाशिकहून इनामदार मॅडमचा आवाज आला, "सगळं जग बघतंय शर्वरी. घाई नको. पण उशीरही नको."

उशीर का नको, हे तिला ठाऊक होतं. खड्ड्याच्या काठावर बसवलेल्या आरशांवरून आत उजेड पडत होता आणि तिकडचा सूर्य मावळायला टेकला होता. उजेड गेला की यंत्र पंधरवडाभर गारठून पडणार, आणि तोवर नळी बर्फात अशी रुतणार की पुन्हा हलायची नाही. सगळ्या मोहिमेवर पाणी पडणार.

सुरुवात छान झाली. उजव्याने एक बोल्ट सोडला, दुसरा सोडला. तिसऱ्यासाठी डाव्याने नळीचा भार घ्यायचा होता. तिने मूठ आवळली आणि यंत्र थिजलं.

"ठीक आहे," मॅडम म्हणाल्या. "पुन्हा."

पुन्हा थिजलं. पडद्यावरचा उजेडाचा पट्टा अरुंद होत चालला होता. तिसऱ्यांदा नळी किंचित घसरली. तिकडचा सावलीहात तिला सावरायला ओजससारखा पुढे झाला, मागून शर्वरीची भलतीच हालचाल पोचली आणि सगळं पुन्हा जागच्या जागी अडलं. आता जुळणी कुणालाही समजेल इतकी खाली आली होती. नाशिकच्या खोलीत कुजबुज चाललेली तिला ऐकू येत होती.

गप्प राहिली असती तर निभावलंही असतं. यंत्र बिघडलं, असं सगळ्यांनी म्हटलं असतं, नळी बर्फात रुतली असती आणि तिचं नाव शाबूत राहिलं असतं. हे सगळं तिच्या मनात लख्ख येऊन गेलं. मग तिने डावा हातमोजा ओढून काढला आणि सगळ्या जगासमोर, कॅमेऱ्याकडे पाठ करून, घर दणाणेल अशी हाक मारली.

"ओजस! ये रे लवकर!"

आतलं दार उघडलं. वरिष्ठांना अर्ध्या वाक्यात सोडून ओजस धावत आला. तिने काही सांगायच्या आत त्याने खुर्ची ओढली.

"हे कोण?" इनामदार मॅडमनी विचारलं.

"ओजस मोहिते. माझा नवरा. सावलीहाताचा डावा हात माझा नाही मॅडम, याचा आहे. पहिल्यापासून. मी खोटं वागले, माझं काय करायचं ते नंतर करा. पण आत्ता आम्हाला धरू द्या."

मग मॅडमचा आवाज आला, नेहमीसारखा तोलून. "डाव्या हाताने नाव आणि ठिकाण सांगावं. नोंद लागते."

"ओजस मोहिते, कराड," तो म्हणाला.

"धरा."

"हं," शर्वरी म्हणाली.

त्याने आधी नुसतं टेकवलं. मग तिचा श्वास ऐकला. मग दाबलं. तिकडे यंत्र असं सरसर हललं, जणू इतका वेळ ते याचीच वाट बघत होतं. तिसरा बोल्ट सुटला. "हं." चौथा. "हं." नळीने एक हिसका दिला, ओजसचं मनगट ताणलं गेलं आणि काही न बोलताही शर्वरीचा उजवा हात थांबला. त्याने सावरलं, तिने पीळ दिला. उजेडाचा पट्टा बोटाएवढा उरला असताना नळी वर आली. तिच्या टोकाला, त्या शेवटच्या उजेडात, एक करडा तुकडा चमकला.

बर्फ!

नाशिकच्या खोलीत आरोळ्या उठल्या. कुणीतरी शिट्टी वाजवली. शर्वरीने ओजसच्या गळ्यात हात टाकले तेव्हा उजव्या हातात हातमोजा तसाच होता, आणि चंद्रावरच्या यंत्रानेही त्या विझत्या उजेडात कुणाला तरी कवटाळल्यासारखा हात केला. तो फोटो पुढे जगभर फिरला.

चौकशी झालीच. शर्वरीला खरमरीत बोल ऐकावे लागले आणि ते तिने मान खाली घालून ऐकले. पण शास्त्रज्ञ भलत्याच प्रश्नाने चक्रावले होते. दोन माणसांच्या हातांची जुळणी एका माणसाच्या दोन हातांपेक्षा सरस कशी? नोंदी चाळल्यावर उमगलं. एकाच माणसाचे दोन हात डोक्यातल्या डोक्यात बोलतात, बाहेर कळू देत नाहीत, म्हणून पुढची हालचाल सावलीहाताला आयत्या वेळी कळते. दोन माणसांना मात्र एकमेकांना सांगावं लागतं. हाताला जरासा हिसका, एक 'हं', मूठ आवळण्याआधीची क्षणभराची उसंत. या खुणा सावलीहाताला आधीच मिळतात आणि अडीच सेकंदांचं अंतर त्यातच भरून निघतं.

महिन्याभरात इनामदार मॅडमचा फोन आला. मोहिमेला आता जोडीचे चालक हवे होते आणि पहिली जोडी अर्थातच ही. "ओजस आपली नोकरी सोडून येतील ना? तू सांग त्यांना."

आधीची शर्वरी असती तर "येईल की" म्हणून मोकळी झाली असती. ते शब्द तिच्या जिभेवर आलेही होते. "मॅडम, ते त्यालाच विचारा," ती म्हणाली आणि तिने फोन ओजसपुढे धरला.

ओजस ओवीला पेज भरवत होता. त्याने चमचा ठेवला. "यायला मला फार आवडेल," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा इतका खुलला की हा माणूस इतके दिवस हे मनात कुठे ठेवून होता, असं शर्वरीला वाटून गेलं. "पण एक दिवसाआड उजवा हात माझा. मलाही बोल्ट सोडायचेत."

"म्हणजे सावलीहात पुन्हा पहिल्यापासून शिकणार. चालकांच्या यादीत तुमचं नाव तळाला जाईल," मॅडम म्हणाल्या. " शर्वरी, तुला चालेल?"

शर्वरीला ते झोंबलं. सगळ्यांत सरस चालक म्हणून नुकतंच तर जग तिला ओळखायला लागलं होतं. तिने ओजसकडे पाहिलं. तो तिच्याकडे बघत नव्हता, ओवीची हनुवटी पुसत होता.

"चालेल," ती म्हणाली.

पहिल्या दिवशी खुर्च्यांची अदलाबदल झाली. ओजसने उजवा हातमोजा चढवला, शर्वरीने डावा. ओवी तिच्या खांद्यावरून आता बाबाच्या मांडीवर यायला शिकली होती. तिकडे उजेड परतला होता आणि दुसरी नळी वाट बघत होती.

"हं," ओजस म्हणाला.

शर्वरीने मूठ आवळली आणि तिचं मनगट खाली ओढलं गेलं. उजव्याला इतके दिवस फक्त बोल्टाचा पीळ कळत होता. नळीचा, यंत्राचा, बर्फाच्या पकडीचा सगळा भार इकडे होता. शिवाय तो सोडताही येत नव्हता, कारण केव्हा सोडायचं ते उजवा ठरवणार. तिच्या कोपरापासून खांद्यापर्यंत कळ गेली.

"अरे, हे रोज इतकं जड असतं?"

"असतं," ओजस म्हणाला. त्याची जीभ दातांत होती आणि डोळे पडद्यावर. चंद्रावरची त्याची बोटं रांगत्या पोरासारखी चाचपडत होती. "सोडू नकोस हं. मला अजून बोल्ट सापडायचाय."

शर्वरीने दात आवळले आणि हसत हसत नळी धरून ठेवली.